नखाने लिहिलेला चोर

निजामाचे ठाणे लांब गेवराईला, म्हणून आमच्याकडे चोर पकडायला एका देवरुशाला बोलावत. उभ्या आयुष्यात तो दोनच अक्षरे शिकला होता: 'चोर'. अंगठ्याच्या लांब नखाने ती तो संशयितांच्या हातावर लिही आणि नख धोतराला पुसून टाकी. ज्याच्या हातावर अक्षरे फुगून येत, तो चोर. पाटलाच्या माणसांवर ते नख मोरपिसासारखे फिरे, गरिबाच्या हातावर नांगरासारखे.

मी त्याला एकदाच पाहिला. पाटलाचा बोकड चोरीला गेला होता. एका धनगर बाईच्या हातावर अक्षरे टरारून उठली.

"काढा हिला गावाबाहेर," पाटील म्हणाला.

"म्या न्हाई नेला, दादा!" ती रडू लागली.

गावाच्या उपकारावर शिकून मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो. पुढे होऊन म्हणालो, "कातडी घासली की तिच्यातूनच हिस्टामिन नावाचे द्रव्य सुटते आणि तिथेच सूज येते. काहींची कातडी फार हुळहुळी असते. माझीही आहे. बघा."

मी माझ्याच नखाने माझ्या हातावर 'चोर' लिहिले. थोड्या वेळात अक्षरे लालबुंद फुगली.

देवरुशी जराही डगमगला नाही. "सायबानं सोताच लिवून देलं की! आता पुरावा कावून पायजे?"

सगळे माझ्याकडे वळले. बाई सुटली आणि मेंढरांमागे निघून गेली. माझे शिक्षण पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामी आले. पाटील मात्र अजून मला बोकडाबद्दल विचारतो.