दादरचा पत्ता

राजरत्ननं बरीच वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली कोडिंग केलं आणि मग स्वतःची कंपनी काढली. तिचं काम एकच: मोठ्या कंपन्यांकडे येणारे नोकरीचे अर्ज प्रोग्रामनं चाळून द्यायचे. सर्वांत मोठं गिऱ्हाईक तर त्याच्या एका नियमावर फिदा होतं. एकाच पत्त्यावरून खूप अर्ज आले, की बोगस समजून बाद.

एका रविवारी तो भोईवाड्यातल्या चाळीत आईकडे आला. शेजारच्या प्रितीनं त्याला दारातच अडवलं.

"जय भीम, दादा. चहा नंतर पी. इंजिनिअर होऊन बसलेय, एक इंटरव्ह्यू नाही. दीपिकाला नाही, विकासला नाही. आमचे अर्ज काय उंदीर खातात?"

"पत्ता कुठला दिलात?"

"असं काय विचारतोस? चंपाआत्याचा. दादरचा. तू नव्हता दिलास?"

दिला होता. चाळीतलं प्रत्येक पोर तोच देत आलं होतं. चाळीचं नाव वाचून समोरच्याचा चेहरा कसा पडतो, हे घरोघर ठाऊक होतं. आणि दादरला फ्लॅट घेतलेली राजरत्नची चंपाआत्या सगळ्या चाळीचीच आत्या होती. नियम लिहिताना हे आठवलं नाही? नाही आठवलं. तो पत्ता लिहून लिहून त्याला खरंच आपला वाटायला लागला होता.

सोमवारी त्यानं नियम काढून टाकला आणि गिऱ्हाईकाकडच्या हितेंद्र साहेबांना फोन केला.

"अहो, त्याच्यासाठीच तर तुम्हाला काम दिलं! एका घरात एवढे इंजिनिअर राहतात होय?"

"राहतात चाळीत. पत्ता उसना घेतात."

"म्हणजे खोटाच ना?"

"पत्ता खोटा, डिगरी खरी. माझंही तसंच होतं, साहेब."

"बघतो," म्हणून साहेबांनी फोन ठेवला. आठवड्याच्या आत करार रद्द झाल्याचा मेल आला. आता ऑफिसातल्यांचे पगार कुठून काढायचे, हा प्रश्न उभा राहिला.

तरी तो आधी दादरला गेला. कंपनीची नोंदणीही त्याच पत्त्यावर होती, पाटी आत्याच्याच दारावर. तो स्क्रू काढत बसलेला पाहून ती म्हणाली, "का रे, माझं दार लहान पडलं?"

"नाही गं आत्या. तुझ्या दारानं खूप केलं."

"मग ने. पण जरा सांभाळून, माझा रंग उडवू नकोस."

भोईवाड्यात आईनं पाटी पदरानं पुसली आणि खिळा कुठे ठोकायचा ते दाखवलं.