चंदेरी तवा

बाबांनी काल खिडक्यांच्या गजांना चंदेरी रंग दिला आणि उरलेला बिडाच्या तव्याला फासला. का, तर आज ताईला बघायला पाहुणे येणार. घरात काळाकुट्ट तवा दिसायला नको!

सकाळी ताई मागच्या दारी रंग खरवडत बसली.

"पाहुणे गेल्यावर घास की," आई म्हणाली.

"मग घावनं कशावर घालू? रंग चाटणारेत का ते?"

सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुडवल्यावर रंगाचे पोपडे सुटले, पण त्यांच्यासोबत तव्याचा काळेपणाही गेला. तो काळेपणा म्हणजे मळ नव्हे, हे या घराला कोण सांगणार? वर्षानुवर्षांचं तेल आणि आच त्यात मुरली होती, म्हणून तर घावन अलगद सुटायचं. आता राखाडी, उघडं बीड उरलं. ताईने ते पुसलं, तेल चोळलं, चुलीवर तापवलं, पुन्हा तेल चोळलं.

रंगावरून माणूस जोखू नका, अशी पत्रकं मी गावभर वाटते. बाबा म्हणतात, "भाषणं चौकात कर, इथे लग्न जमवायचंय."

"ताई, नाही म्हण ना गं!"

"बाजूला हो, तवा तापलाय."

पहिलं घावन फाटलं. दुसरंही. पुढची चार कशीबशी सुटली, तेवढ्यात आई आतून ओरडली, "आले गं ते! पावडर लाव!"

ताई हात पुसून आत गेली. घावनांचं ताट न्यायला आली तेव्हा चेहरा पांढराफटक होता. सावळी मान तेवढी तिची स्वतःची राहिली होती.