मिठाच्या पाण्याचा नमुना

आमच्या प्रयोगशाळेत मला माझ्या मागे खडूस म्हणतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. आधी वाईट वाटायचं, आता नाही वाटत. नुसती विश्लेषक होते तेव्हा मी फक्त स्वतःच्या कामात खडूस होते. सहायक व्यवस्थापक झाल्यावर दुसऱ्यांच्या कामातही नाक खुपसायचा अधिकार मिळाला, आणि तो मी मनापासून वापरते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी सोलापूरच्या उन्हाळ्यात व्हिसेराच्या खोलीत दुपारभर उभं राहून दाखवावं, मग बोलावं.

ही केस मोहोळकडच्या एका वस्तीवरची. सासू जेवल्यावर उलट्या होऊन गेली. सकाळी सुनेशी तिचं भांडण झालेलं शेजाऱ्यांनी ऐकलं होतं, घरात फवारणीचं औषध सापडलं, आणि सून तुरुंगात गेली. तिची लहान मुलगी मोडनिंबला आजोळी ठेवलेली. एवढं सगळं पोलिसांच्या पत्रावरूनच कळत होतं. अडलं होतं ते आमच्या अहवालावर. म्हातारीच्या पोटात विष होतं की नव्हतं?

शवविच्छेदनात जठर, यकृत अशा अवयवांचे तुकडे काढून मिठाच्या दाट पाण्यात ठेवतात आणि त्या बरण्या लाखेनं सील करून आमच्याकडे पाठवतात. त्यालाच व्हिसेरा म्हणतात. रक्त मात्र वेगळ्या छोट्या कुपीत येतं. शिवाय जे मिठाचं पाणी वापरलं त्याचाही थोडा नमुना एका बाटलीत सोबत असतो. ती बाटली सहसा कुणी उघडत नाही. मिठाच्या पाण्यात मीठच असणार, असं सगळे धरून चालतात.

तपासणी माझ्या एका सहकारी बाईंनी केली होती. त्यांचा हात चांगला, काम स्वच्छ. जठरात कीटकनाशक सापडलं, यकृतातही सापडलं. रक्तात नाही सापडलं, पण रक्त थोडंच आलं होतं, म्हणून त्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. अहवाल तयार करून माझ्यापुढे सहीला ठेवला. मी तपासणीची काचेची प्लेट मागवली. प्लेटवर विषाचा ठिपका उमटतो, जितकं विष जास्त तितका ठिपका गडद. तोंडावाटे विष गेलेलं असलं की जठराचा ठिपका बहुधा गडद येतो आणि यकृताचा फिका. इथे दोन्ही ठिपके जुळ्या बहिणींसारखे.

"हे असं कसं?" मी विचारलं.

"येतं कधी कधी, मॅडम."

"मिठाचं पाणी तपासलंत?"

त्या बाटलीचं सील अजून तसंच होतं. संध्याकाळच्या आत ही गोष्ट आमच्या मुख्य अधिकाऱ्यांच्या कानावर गेली. पडून राहिलेल्या केसेसवरून त्यांना वरून सारखे फोन येत होते, त्यामुळे ते आधीच वैतागलेले.

"विष सापडलंय ना मॅडम? मग सही करा आणि मोकळ्या व्हा. कशाला उगाच फाटे फोडता?"

"सर, पाणी तपासल्याशिवाय मी सही करणार नाही."

"आणि पाण्यात काही निघालं नाही तर?"

"तर तिथल्या तिथे सही करते. वर सगळ्यांना चहा माझ्याकडून."

ते हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. मी ॲप्रन चढवला आणि पहिल्यापासून सगळं स्वतः केलं. प्लेटवर मिठाच्या पाण्याच्या जागीही तोच ठिपका उमटला, तितकाच गडद. आपलं खरं ठरलं याचा आनंद वगैरे काही झाला नाही. राग आला, आणि भीतीही वाटली. मग उरलंसुरलं रक्त मोठ्या मशीनवर लावलं. त्यात विषाचा मागमूस नव्हता. रक्ताला ते मिठाचं पाणी लागलेलंच नव्हतं.

पाण्यात विष आलं कुठून, हे विचारायला आम्ही रीतसर पत्र लिहिलं. उत्तर यायच्या आधी त्या ठाण्याचा हवालदार दुसरा मुद्देमाल घेऊन आला, तेव्हा मी त्यालाच विचारलं, शवविच्छेदन झालं त्या रुग्णालयात मिठाचं पाणी कशात ठेवतात?

"क्यानमधी की म्याडम. मोठा क्यान हाय, औषधाचा."

"कसल्या औषधाचा?"

"फवारणीच्या. पर लई धुतलेला हाय वो! आमच्या घरी बी तसल्याच क्यानात पानी असतंय. कुटं काय झालंय आमाला?"

त्याच्यावर ओरडून काय उपयोग होता? आमच्याकडे रिकामा कॅन कुणी टाकून देत नाही. माझ्या माहेरीसुद्धा अशाच एका कॅनमध्ये रॉकेल असायचं. पुढे रुग्णालयाच्या उत्तरातही तेच आलं. मी अहवालात सगळं नीट मांडलं, आणि मुख्य अधिकाऱ्यांनी तो पुढे पाठवला. सहकारी बाई बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या.

काही महिन्यांनी मला साक्षीचं समन्स आलं. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर एक बाई बसली होती, शेजारी महिला पोलीस. मला उभी बघून ती सरकली.

"बसा की ताई हितं. तुमची बी तारीख हाय व्हय?"

मी मान हलवली.

"माझी बी हाय. पोरगी आल्ती मागं भेटाया. वळखलंच न्हाय मला तिनं."

ती कोण हे माझ्या लक्षात आलं. साक्षीदारानं आरोपीशी बोलायचं नसतं, म्हणून मी गप्प राहिले. तसं गप्प बसणं मला फार जड गेलं.

साक्षीचा एक नियम आम्हाला नोकरीच्या सुरुवातीलाच शिकवतात: विचारलं तेवढंच सांगायचं. सरकारी वकील घाईत होते.

"जठरात आणि यकृतात कीटकनाशक सापडलं, हे खरं?"

"खरं."

"बस. एवढंच विचारायचं होतं."

ते खाली बसले. मागे उभ्या असलेल्या त्या बाईच्या तोंडून "आई गं" निघालं. बचावाचे वकील अजून कागदच चाळत होते. ते उठतील, नेमकं विचारतील, याची वाट बघायला हवी होती. मला ते जमलं नाही.

"साहेब," मी न्यायाधीशांना म्हणाले, "माझं उत्तर अर्धंच झालंय."

सरकारी वकील हरकत घ्यायला उठले. न्यायाधीशांनी त्यांना हातानं थांबवलं. "बोला."

"तेच कीटकनाशक रुग्णालयाच्या मिठाच्या पाण्यातही होतं. गेलेल्या सासूबाईंच्या रक्तात अजिबात नव्हतं. त्यांच्या पोटात ते कुणी घातलं नव्हतं, साहेब. बरणीत आपण घातलं."