मावशी शिकल्या ती शिट्टी

जनावरांच्या दवाखान्यात मावशींना कामं ढीगभर होती. झाडलोट, पिंजरे धुणं, जखमांच्या पट्ट्या कापून ठेवणं. पण त्यांचा हातखंडा एकाच कामात, जनावराची लघवी धरण्यात. आता हसा बापडे! मावशींच्या सख्ख्या बहिणीलाही हे ऐकून हसू आवरलं नव्हतं. पण मुकं जनावर काही सांगत नाही, आणि मूत्रपिंडाचं दुखणं आधी तिथंच उमटतं. जमिनीवर सांडलेली चालत नाही, पहिली धार चालत नाही, मधली हवी. गायीच्या शेपटीखाली हलक्या हातानं चोळत राहायचं. मांजराच्या ट्रेमधली वाळू काढून टाकायची आणि आपण तिथून नाहीसं व्हायचं. कुत्री बसली, की मागून पसरट ट्रे असा सरकवायचा की तिला पत्ताही लागू नये. मावशी तोंडानं "शूऽऽ, शूऽऽ" करत, तान्ह्या बाळाला करतात अगदी तसंच, आणि भलेभले अडेलतट्टू मोकळे होत.

एकदा एक गृहस्थ घरूनच लघवी घेऊन आले, जॅमच्या बाटलीत. बाटलीच्या तोंडाशी मुंग्या.

"बाटली धुतली होती का?" मावशींनी विचारलं.

"विसळली होती की!"

"मग साखर तुमच्या कुत्र्याला नाही हो, बाटलीला झालीय," असं म्हणून मावशींनी नवी डबी त्यांच्या हातात दिली आणि त्यांना कुत्र्यासकट मागच्या अंगणात पिटाळलं. गृहस्थ स्वतःच हसत सुटले. मावशी होत्याच तशा, कुणाला राग येऊ न देता बोलायच्या.

अशा मावशी एका कुत्रीपुढं हरल्या, आणि ती त्यांच्या घरचीच होती.

भिंगरीला आणलं होतं त्यांच्या एकुलत्या एक लेकानं. हातभर पिल्लू होतं तेव्हापासून आनंद झाला की ती स्वतःभोवती गरगर फिरायची, म्हणून भिंगरी. लेकानं तिला शिट्टीची सवय लावली होती. एक लांब सूर, मग लगेच एक छोटा, वर चढणारा. शिट्टी ऐकली की भिंगरी एक गिरकी घ्यायची आणि जागा बघून लघवीला बसायची. पोराला शिट्ट्यांचा नादच होता. आंघोळीला शिट्टी, जेवायला बसताना शिट्टी. मावशी करवादायच्या, "अरे, घर आहे का स्टेशन? बंद कर आधी!" तो हसायचा आणि आणखी जोरात वाजवायचा.

मग तापाचं निमित्त झालं आणि हाताशी आलेला लेक गेला.

घरातली शिट्टी बंद झाली. मावशींच्या यजमानांचं बोलणंही बंद झालं. त्यांना दवाखान्यात सगळे काका म्हणत. जन्मभर बस चालवलेला, रस्त्यात भेटेल त्याच्याशी गप्पा मारणारा माणूस, तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. आणि भिंगरीची गिरकी थांबली. ती परसात कुंपणामागं जाऊन, कुणाचं लक्ष नाही असं बघून उरकायची. कुणी जवळ आलं की उठून उभी. हळूहळू ती खाईना, नुसतं पाणी प्यायची आणि ओकायची. ही लक्षणं मावशींनी काय थोडी पाहिली होती?

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला सलाईन लावून ठेवून घेतलं. "रक्तावरून मूत्रपिंडाचंच वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण लघवी बघितल्याशिवाय मला औषध ठरवता येणार नाही. रक्त गोठत नाहीये तिचं, नाहीतर पोटातून सुईनं घेतली असती. आता तुमच्यावरच आहे, मावशी."

भिंगरी जगायला हवी होती. लेकाचं म्हणून जिवंत असं घरात तेवढंच उरलं होतं. मावशींनी जिवाचं रान केलं. शूऽऽ करून झालं, नळ बारीक सोडून झाला, दुसऱ्या कुत्र्याच्या जागेवर फिरवून झालं. भिंगरी त्यांच्या तोंडाकडे बघत ढिम्म उभी. "अगं बाई, माझी अब्रू तरी राख," मावशी रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

"ही कुणाचं ऐकायची हो?" डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, आणि विचारल्यावर त्यांनी जीभ चावली.

मावशी शिट्टी शिकायला लागल्या. या वयात! पुढचा एक दात पडलेला, त्या फटीतून नुसती हवा. दवाखान्यात भांडी घासता घासता फुर्र फुर्र चालायचं. कंपाउंडर म्हणाला, "मावशी, कुकर लावलाय का? शिट्टी होईनाशी झालीय." मावशी हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

दुपारी घरी मोरीपाशी उभ्या असताना ती अचानक जमली. लांब सूर, मग छोटा, वर चढलेला. हुबेहूब. मावशी स्वतःच दचकल्या. आतल्या खोलीत खाट करकरली. काका बाहेर आले, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, शर्टाची बटणं खालीवर. चेहरा असा उजळलेला की मावशींना बघवेना.

"आला?" काका म्हणाले.

काकांनी मोरीकडे पाहिलं, मावशींच्या अजून चंबू केलेल्या ओठांकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं.

"पुन्हा ही शिट्टी माझ्या कानावर आली तर याद राख," ते म्हणाले, आणि तिथंच उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. लेक गेला तेव्हाही ते असे रडले नव्हते. आपली जीभ झडली असती तर बरं झालं असतं, असं मावशींना वाटलं.

पण भिंगरी तिकडे पडली होती. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या मागच्या अंगणात मावशींनी शिट्टी वाजवली. भिंगरीचे कान ताठ झाले. लेक गेल्यापासून पहिल्यांदा तिनं गिरकी घेतली, अशक्त, अर्धीमुर्धी, आणि बसली. मावशींनी ट्रे सरकवला. पहिली धार जाऊ दिली, मधली धरली. काम अगदी चोख झालं. मग भिंगरी उठली. तिनं मावशींच्या मागं बघितलं, अंगणभर बघितलं आणि धावत फाटकाशी जाऊन बसली. शेपटी धुळीवर झाडू मारल्यासारखी हलत होती. संध्याकाळपर्यंत ती तिथून हलली नाही आणि अन्नाला तोंड लावलं नाही.

"जमलं की, मावशी!" कंपाउंडर म्हणाला. मावशींनी ट्रे धुवायला घेतला आणि तो धुतच राहिल्या.

मूत्रपिंडं बरीचशी गेली होती. औषधांनी काही दिवस ढकलता येतील, पण अधूनमधून लघवी तपासावी लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. म्हणजे अधूनमधून भिंगरीला फसवावं लागणार. दर वेळी शिट्टी, दर वेळी गिरकी, दर वेळी फाटक. गिरकी लहान होत गेली, फाटकाशी बसणं मात्र तेवढंच राहिलं. मावशी तिच्या शेजारी फतकल मारून बसायच्या. "माफ कर गं मला," म्हणायच्या. "तो यायचा नाही. मी थापाडी आहे." घरी काकांना यातलं काही सांगायची सोय नव्हती.

शेवटी भिंगरी उठेनाशी झाली. डॉक्टरीणबाईंनी मावशींचा हात धरला. "आता तिला सोडवू या. हाल बघवत नाहीत."

मावशींनी घरी जाऊन काकांना तेवढंच सांगितलं. काकांनी धुतलेला शर्ट घातला, बटणं नीट लावली आणि बरोबर निघाले.

टेबलावर भिंगरीचं डोकं काकांच्या तळहातावर होतं. तिचे डोळे उघडे होते, पण कुणाला ओळखत नव्हते. डॉक्टरीणबाईंनी सुई भरली.

"वाजव," काका मान वर न करता म्हणाले.

"काय?"

"ती शिट्टी. तो आलाय असं वाटू दे तिला."

"अहो, तुम्हीच तर..."

"वाजव गं."

मावशींच्या ओठांना कोरड पडली होती. आधी नुसती हवा आली. मग सूर आला, लांब, आणि त्याच्यामागं तो छोटा. भिंगरीनं काकांच्या हातावरून डोकं उचललं. शेपटी टेबलावर आपटली. ती दाराकडे बघत होती, आणि तिच्या अंगाखालचा कपडा ओला होऊ लागला. शिकवलेलं ती शेवटपर्यंत विसरली नव्हती. कुणाला नमुना नको होता, तरी मावशींचा हात आपोआप गेला आणि त्यांनी ट्रे खाली धरला.

डॉक्टरीणबाईंनी औषध सोडलं. भिंगरीचं डोकं हळूहळू खाली आलं. मावशी ट्रे धरून तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी काकांकडे पाहिलं. काका दाराकडे बघत होते.

"आणखी एकदा वाजव," ते म्हणाले.