साडभाऊ, बंडू आणि सणांचे दिवस

उभ्या वर्धा जिल्ह्यात सण जवळ आला की ज्याच्या पोटात गोळा उठतो असा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघावा हा माझ्या पत्रिकेतला दोष. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, हे यजमान. राहणार पिपरी मेघे, आमच्याच वसाहतीत. जन्मभर शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झाले, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नाही; भाजीवाल्यालाही ते शिट्टी मारूनच थांबवतात. पोळ्याला लोक बैल सजवतात, गणपतीला मखर करतात, दसऱ्याला सोनं वाटतात. साडभाऊंचं पोळ्यापासून दिवाळीपर्यंत एकच व्रत: बंडूला आवाजापासून वाचवायचं.

बंडू म्हणजे कुत्रा. जात गावठी, रंग गुळाच्या भेलीचा, वय झालेलं. तो अगदी पिल्लू असताना ताईंनी त्याला नालीतून उचलून आणलं होतं. मागच्या दिवाळीत कोणा उत्साही नागरिकाने त्याच्या शेपटीशेजारी सुतळी बॉम्ब लावला आणि बंडू आडवाच झाला. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, याचं हृदय अशक्त आहे, पुन्हा असा धसका बसला तर सांगता येत नाही. त्यानंतर हिवाळ्यात ताईच गेल्या. मुलगी लांब परदेशी. घरात उरले साडभाऊ आणि ताईंचा बंडू. वर्ष सरलं नव्हतं म्हणून घरात सण नव्हता, पण गावाला तर होता ना! ‘‘फटाके नका फोडू म्हून पोट्ट्याइले सांगून पाह्यलं,’’ साडभाऊ म्हणाले, ‘‘आता कुत्र्यालेच तयार करा लागते.’’

तयारी पोळ्यापासून सुरू झाली. पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडे बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळतात आणि कानात सांगतात, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ साडभाऊंकडे बैल कुठले? त्यांनी बंडूचेच खांदे मळले. ‘‘जनावराले आधी मान द्या लागते गा, मंग थे आयकते,’’ असा त्यामागचा सिद्धान्त. बंडूने मान चाटून टाकला. पुढे आठ-पंधरा दिवस हा पिवळ्या खांद्यांचा कुत्रा वसाहतीत नवरदेवासारखा हिंडत होता.

मग सराव. ‘‘भीती म्हंजे काय? सराव नसनं,’’ हे वाक्य त्यांनी शाळेतल्या तीन पिढ्यांना ऐकवलेलं आहे. रोज सकाळी बंडूला बसवायचं, कागदी पिशवी फुगवून फोडायची आणि लगेच बिस्कीट द्यायचं. बंडू हुशार निघाला. पिशवी फुटली की बिस्कीट मिळतं हे कळल्यावर तो वसाहतीतल्या घराघरांतून पिशव्या तोंडात धरून आणू लागला. आमच्या घरून त्याने साखरेसकट आणली. बंडूची पिशव्यांची भीती संपूर्ण गेली. अडचण एवढीच की पिशव्यांना तो आधीही भीत नव्हता.

गणपती विसर्जनाला मात्र साडभाऊंचा खरा अधिकार दिसला. डीजे गल्लीच्या तोंडाशी आला तसे हे शिट्टी फुंकत रस्त्याच्या मधोमध उभे. मंडळातली अर्धी पोरं म्हणजे त्यांचे जुने विद्यार्थी. शिट्टीबरोबर पाय आपोआप जुळले. ‘‘आवाज बंद! सावधान! तेज चल!’’ डीजे मुका झाला आणि बाप्पा आमच्या गल्लीतून कवायतीच्या तालावर, चकार शब्द न निघता पुढे गेले. कोपऱ्यावरची म्हातारी पदर डोक्यावर घेऊन लगबगीने बाहेर आली आणि हळूच विचारती झाली, ‘‘काऊन गा बाप्पा, कोन गेलं?’’

दसऱ्याला कोणी तरी फोनवर ज्ञान पाठवलं की कुत्र्याच्या कानात कापूस घालावा. कापसाच्या जिल्ह्यात कापसाला काय तोटा! पण शिक्षकाने प्रत्येक व्यायाम आधी स्वतः करून दाखवावा, या तत्त्वाने साडभाऊंनी आपल्याच कानात बोळे कोंबले. बंडूने एकदा डोकं झटकलं, त्याचे दोन्ही बोळे उडाले. साडभाऊंचे निघेनात. सोनं द्यायला आलेल्यांनी ‘कसे आहात?’ विचारलं की हे ओरडून सांगत, ‘‘बंडू ना? दोन वेळा खाते, पन भाकर नाई खात!’’

शेवटी धनतेरसेला त्यांनी जाहीर केलं, ‘‘दिवाळी शहरात रायते, वावरात नाई.’’ रोहण्याला, त्यांच्या मूळ गावी, चुलतभावाचं वावर होतं. माझ्या गाडीत बंडू, बंडूची गोधडी, बंडूचं ताट आणि उरलेल्या जागेत आम्ही असे निघालो. वावरात खरंच सुरेख शांत होतं. कपाशी फुटलेली, तूर फुलावर आलेली. साडभाऊंनी बाजेवर पाय पसरले आणि म्हणाले, ‘‘पाह्य, याले म्हन्ते डोकं!’’ दिवस बुडाला आणि शेजारच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, धडाम! मग पलीकडे धडाम. मग चहूकडून.

चुलतभाऊ शांतपणे तंबाखू मळत होते. ‘‘डुकरं हायेत ना भाऊ. बार नाई उडवला त रातभरात वावर साफ. तुमची दिवाळी वर्षातून एकदा, आमची दिवस बुडला का रोजच.’’ साडभाऊंनी गाव सोडलं तेव्हा डुकरं जंगलात राहत होती. शहरात लोक हौसेने बार उडवतात, इथे पोटासाठी उडवतात, आणि बंडूला दोन्ही सारखेच. त्याने साडभाऊंच्या शर्टात तोंड खुपसलं होतं. छाती नुसती उडत होती. परतीच्या वाटेवर साडभाऊंचा तळहात बंडूच्या छातीवरून हलला नाही. तेव्हा मात्र मीही घाबरलो.

लक्ष्मीपूजनाच्या सांजेला आम्ही नवरा-बायको फराळ घेऊन त्यांच्याकडे गेलो. बाहेर फटाक्यांनी आभाळ फाटत होतं. दार लोटलेलं, दिवाणखान्यात कोणी नाही, दिव्याचा पत्ता नाही. ‘‘भाऊ?’’ मी हाक मारली. ‘‘इथं हाओ,’’ आवाज दिवाणाखालून आला. वाकून पाहिलं. गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला हा गृहस्थ दिवाणाखाली आडवा पडला होता आणि त्याच्या कुशीत, ताईंच्या एका जुन्या लुगड्यावर, बंडू होता. बंडूचं पोट संथपणे वरखाली होत होतं. तो चक्क घोरत होता.

‘‘झोपला की हो!’’ मी म्हणालो.

‘‘केव्हाचाच.’’

‘‘मग निघा ना बाहेर. हात देऊ का?’’

बाहेर एक लड तडतडून संपली. बंडूने कानसुद्धा हलवला नाही.

‘‘राहू दे ना गा,’’ साडभाऊ म्हणाले. ‘‘बाहेर निंगालो का मंग घर दिसते.’’

बायको दिवाणाला टेकून फरशीवर बसली, फराळाचा डबा उघडला आणि एक अनारसा खाली सरकवला. आतून एक हात आला. अनारसा तसाच राहिला. त्या हाताने तिचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.