हातगुणाची परवानगी

आमच्या भिशीत माझ्या घरी बैठक असली की मैत्रिणी चहाच्या आधीच म्हणतात, "दवाखान्यातलं सांग ना काहीतरी." मी म्हणते, अगं, सगळं सांगून झालंय. मग एक आठवतं, त्याच्यामागून दुसरं येतं आणि चहा गार होतो. शेवटी त्याच वैतागून म्हणाल्या, "लिहून काढ एकदाचं." म्हणून हे.

रेवदंड्याच्या खाडीवर, कोळीवाड्याच्या तोंडाशी आमच्या ट्रस्टचा छोटासा दवाखाना आहे. डॉक्टर अलिबागहून मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. मी तिथली सहायक. पूर्वी माझं काम म्हणजे केस पेपर काढा, वजन करा, पंखा लावा. मग ट्रस्टने ठरवलं, की ट्रेनिंग घेतलेल्या सहायकांनी ड्रेसिंग करावं, टाके काढावेत, शुगर तपासावी, आणि डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तर इंजेक्शनही द्यावं. अट एकच. वर्षभर बघू. लोक माझ्याकडे आले तर दवाखाना रोज उघडा, नाही आले तर डॉक्टर येतील तेवढेच दोन दिवस. मग माझी नोकरी गेल्यात जमा, हे मला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

परवानगी तर मिळाली. पण आमच्याकडे माणूस नुसत्या औषधाने बरा होत नाही, देणाऱ्याच्या हाताला गुण असावा लागतो. आणि हातगुण काही ट्रस्ट देत नाही!

*

पहिला पेशंट आला तो पांडू नाखवा. स्वतःची बोट, मोठा आवाज. दोरीने तळहात सोलून निघाला होता.

"डॉक्टर कवा हायेत?"

"शुक्रवारी. पण नाखवा, ड्रेसिंग आता मीच करते."

त्याने माझ्या हातांकडे बराच वेळ बघितलं. बाजारात पापलेट उलटंपालटं करून बघावं तसं. मग स्वतःच्या तळहाताकडे बघून जखमेला दम भरला, "ऐकलास ना? शुकरवारपर्यंत गप ऱ्हायचा!"

आणि निघून गेला. त्या आठवड्यात मी एकूण तीनदा फरशी पुसली.

*

म्हणून मग डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावायची युक्ती काढली. म्हटलं, निदान चेहरा तरी दिसेल. गुडघेदुखीची एक काकू आली होती. डॉक्टरांनी विचारलं, स्क्रीनवरूनच बघितलं, गोळ्या सांगितल्या. काकू काही उठेना.

"डॉक्टर, जरा हात लावा ना."

"अहो, मी अलिबागला आहे!"

काकूने माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि स्क्रीन गुडघ्यावर दाबून धरली. आतून डॉक्टरांचा आवाज येतोय, "हॅलो? सगळा काळोख झालाय!" काकू डोळे मिटून शांत बसलेली. मग मोबाइल पुसून माझ्या हातात दिला.

"बरा वाटला."

ती खरंच न लंगडता गेली. यात नक्की काय झालं, ते मला अजून कळलेलं नाही. डॉक्टरांनाही नाही. आम्ही दोघांनी त्यावर बरीच चर्चा केली आहे.

*

वाडीतले निवृत्त गुरुजी मात्र वेगळे. नारळी-पोफळीची बाग, पेपर पूर्ण वाचणार, आणि घरी स्वतःचं बीपीचं मशीन. ते माझी परीक्षा घ्यायला मशीन पिशवीत घालूनच आले. आधी उजव्या हाताला माझं, मग डाव्या हाताला त्यांचं. मग उलट. आकडा तोच आला! मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणजे तुमचंही मशीन बिघडलेलं आहे तर," म्हणाले आणि पिशवी उचलून गेले.

*

आपण होऊन माझ्याकडे आलेला पहिला माणूस म्हणजे ट्रकवाला दिनेश पाटील. पेणकडचा आगरी गडी, दारातून आत येताना वाकावं लागतं. पत्रा लागून पोटरी कापली होती. बुधवार होता.

मी गारच. "डॉक्टर उद्याही नाहीयेत हं."

"म्हाईत हाय. म्हनून तर आज आलो."

"म्हणजे?"

त्याने मागे वळून बाक रिकामा असल्याची खात्री केली. "डॉक्टरांसमोर रडलो तर इज्जत जाल. तुमच्यासमोर चालतंय."

मी डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन सांगितलं, आणि दिनेश मनसोक्त रडला. पुढच्या आठवड्यात त्याचे दोन दोस्त आले. तेही बुधवारीच!

*

कोळीवाड्यातल्या हिरूआयचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पायात शिंगाळा माशाचा काटा घुसलेला, त्यात शुगर. डॉक्टर म्हणाले, रोज ड्रेसिंग झालं पाहिजे, नाहीतर पाय जाईल. आणि ही बाई मंगळवार-शुक्रवारशिवाय दवाखान्याची पायरी चढेना. मी खरंच घाबरले होते. नोकरीचं सोडा, त्या पायाचा विचार करून मला जेवण जाईना.

शेवटी मीच ट्रे घेऊन किनाऱ्यावर गेले. ती सुकत घातलेली मासळी उलटवत बसली होती.

"आय, पाय दाखव."

"मना येल नाय."

"तू काम कर ना. मला पाय तेवढा दे."

तिने पुढची मासळी उलटवली. "हात माजे कामात हायेत. पाय रिकामाच हाय. घे."

मग रोज वाळूत बसून मी पट्टी बदलायची आणि ती माझ्या डोक्यावरून शेजारणीशी भांडायची. पावसाळ्याआधी जखम भरली. मला इतका आनंद झाला की मी तिथेच डोळे पुसले. हिरूआयने पाय उन्हात धरून निरखला.

"खाडीचा वारा चांगला गो," ती म्हणाली.

*

हिरूआयचा पाय बघून हळूहळू बाकीचेही माझ्याकडे यायला लागले, अगदी पांडू नाखवाही. वर्ष संपत आलं आणि ट्रस्टच्या मॅडम मुंबईहून येणार असल्याचा फोन आला. दवाखाना रोज चालू ठेवायचा की नाही, ते त्याच ठरवणार. नेमकी त्याच आठवड्यात कुठल्यातरी गावात बोगस डॉक्टर पकडल्याची क्लिप कोळीवाड्यातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरत होती.

मॅडम आल्या तो गुरुवार. बाक भरलेला बघून माझा जीव भांड्यात पडला. मॅडमनी रजिस्टर बाजूला सारलं. "हे मी वाचलंय. मला लोकांच्या तोंडून ऐकायचंय. डॉक्टर नसताना या बाई तुमच्यासाठी काय काय करतात?"



"काय बी नाय," पांडू नाखवा म्हणाला. "बाई फकस्त झाडू मारते."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. दोरीने परत सोललेल्या त्याच्या हाताची पट्टी मी त्याच सकाळी बदलली होती.

मॅडम दिनेशकडे वळल्या. "इंजेक्शन?"

"मी जन्मात घेतला नाय."

"शुगर कोण तपासतं?"

"कोनाला शुगरच नाय इथं!" तीन-चार जणी एकदम म्हणाल्या.

वर्षभराची मेहनत डोळ्यांदेखत पाण्यात चालली होती, आणि ती बुडवणारी सगळी माझीच माणसं! मी काही बोलायला गेले तर नाखव्याने मला डोळ्यानेच गप्प बसवलं.

मॅडमचं लक्ष हिरूआयच्या पायावरच्या वणाकडे गेलं. "आजी, केवढी जखम होती ही! रोज पट्टी कोण बांधायचं?"

"मीच."

"तुम्हाला वाकता येतं?"

"नाय."

मॅडमनी बाकावरच्या एकेका तोंडाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसल्या आणि हात पुढे केला.

"माझं बीपी बघता का जरा? सकाळपासून डोकं धरलंय."

मी पट्टा उचलला. तेवढ्यात बाकावरून हिरूआय ओरडली, "अगो बाय, हात नको लावू तिला! तुलाच पकराला आलीय ती!"