पट्ट्यावर फिरणारं बेरिलचं चीज

डोंगरावरून भुरभुर उतरत होती. पाऊस म्हणावं तर थेंब दिसत नाही, धुकं म्हणावं तर सदरा ओला. लँकशरच्या त्या घळीत नोव्हेंबर असाच येऊन बसतो आणि वसंत दारात आला तरी ढुंगण हलवत नाही. विल्फ रिमरनं गोठ्यातले दिवे लावले, गायींच्या कासा पुसल्या आणि दूध काढायच्या यंत्राचे पेले एकेकीला चढवत गेला. चढवताना प्रत्येकीशी दोन शब्द. "सरक गं म्हातारे." "तुला काय झालंय, रुसलीस?" त्याचं दिवसभराचं बोलणं बहुतेक इथंच उरकायचं. घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं.

संध्याकाळच्या धारा काढायचं शेजारच्या गॉर्डननं कबूल केलं होतं. तरी तो सकाळीच गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला. खुंटीवर विल्फचा काळा कोट टांगलेला होता, बायकोच्या, बेरिलच्या मातीला घातलेला.

"लंडनला कशाला म्हणालास?"

"चीज खायला."

गॉर्डननं टोपी मागं सारली. "चीज खायला. लंडनला. आणि इथं जन्मभर घरात बायको चीज करत हुती, तवा काय झोपला हुतास व्हय लेका?"

"चांगलं कधी खाल्लं न्हाई," विल्फ म्हणाला आणि बादली उचलून पुढच्या गायीकडं गेला.

ते खरंच होतं. घळीतल्या चीज करणाऱ्या घरांची रीतच तशी. अखंड, निगुतीनं मुरलेलं चीजचं गोल चाक विकायचं. तडा गेलेलं, कडेनं सुकलेलं, उंदरानं कोरलेलं असेल ते घरच्यांनी खायचं. बेरिल सून म्हणून आली तेव्हा सासूनं तिला पहिल्याच आठवड्यात हे ऐकवलं होतं, आणि बेरिलनं ते सासूपेक्षा कडक पाळलं. नाताळातसुद्धा रिमरांच्या टेबलावर फुटकंच चाक.

तिची करायची पद्धत घळीतली जुनी. गायी थोड्या, एका दिवसाच्या दुधात चाक भरायचं नाही. म्हणून आजचा चक्का निवळी गाळून टबात झाकून ठेवायचा, दुसऱ्या दिवशीचा ताजा चक्का त्यात हातानं चुरून कालवायचा, आणि मग साच्यात दाबायचा. बेरिल तासभर चुरत बसायची. ती चीजची, तो गायींचा. तिच्या खोलीत त्यानं कधी पाऊल टाकलं तर ती म्हणायची, "बूट बाहेर, आणि तूही."

एप्रिलमध्ये एका रात्री चक्का झाकून ती झोपली ती उठलीच नाही. डॉक्टर आला, गाडी आली, तिला घेऊन गेली. गायींना ते कोण सांगणार? दूध आलंच. विल्फ तिच्या टबापुढं उभा राहिला. चक्का टाकवेना, आणि ठेवावा तर नासणार. शेवटी त्यानं आठवेल तसं दूध विरजलं, घट्ट होऊ दिलं, कापलं, गाळलं, आणि आपल्या जाड बोटांनी तिच्या चक्क्यात कालवून साच्यात भरलं. फडक्याची घडी उलटी पडली आणि चाकाच्या पाठीवर आडवा वळ उमटला. दुसऱ्या दिवसापासून सगळं दूध टँकरला जायला लागलं. खोलीला कुलूप.

चाकं मुरल्यावर शरदात व्यापारी डंकन गाडी घेऊन आला. विल्फनं फळ्यांवरचं एकेक चाक उचलून दिलं, पाठीवर वळ असलेलंही दिलं. त्याला तडा नव्हता. तडा नाही म्हणजे विकायचं, एवढंच हातांना ठाऊक. गाडी वळणाआड गेल्यावर मात्र तो अंगणात तसाच उभा राहिला.

तेव्हापासून एकच किडा डोकं पोखरत होता. तिचा शेवटचा चक्का आपण नासवला का?

त्यानं डंकनला फोन लावला.

"ते वळाचं चाक होय? लंडनात गेलं," डंकन म्हणाला. "तिथं एक खाणावळ आहे, चीज पट्ट्यावर फिरतं. त्यांना आवडलं."

"आवडलं म्हणजे लागतंय कसं?"

"विल्फ, मी विकतो. खात नाही."

म्हणून हा काळा कोट आणि प्रेस्टनहून आगगाडी.

खाणावळीत उंच स्टुलं होती. समोरच्या पट्ट्यावरून काचेच्या घुमटांखाली बशा सरकत होत्या. जो तो जोडीनं आलेला. विल्फच्या डावीकडं भिंत, आणि उजवीकडं एक मुलगी एकटी, तिच्या पलीकडच्या स्टुलावर मैत्रिणीसाठी कोट ठेवून जागा धरलेली.

"पहिल्यांदाच का, आजोबा?" वाढणारी पोरगी म्हणाली. "आवडेल ते उचला."

"सांगायचं न्हाई कुणाला?"

"छे. समोर आलं की घ्यायचं."

त्यानं बिअर मागवली आणि बघत बसला. फाटकातून गायी सुटाव्यात तशा बशा येत होत्या. निळ्या शिरांचं चीज, राख फासलेलं बकरीचं, पिवळंधमक चेडर. आणि मग एक फिकट, भुसभुशीत फोड, सोबत मनुका भरलेला एकल्स केक. चिठ्ठीवर 'बेरिल रिमर, लँकशर'. फोडीच्या पाठीवर वळाचं टोक.

विल्फचा हात उठला आणि अर्ध्यात थांबला. शेजारी परकं माणूस असताना ताटातला चांगला तुकडा आधी आपण उचलायचा, हे त्याच्या हातानं कधी केलंच नव्हतं. येईल की फिरून, पट्टाच तो, असं म्हणून त्यानं तळवे विजारीला पुसले.

बशी फिरून आली नाही. त्यानं मान वळवली, तर घुमट बाजूला काढून शेजारच्या मुलीनं सुरी हातात घेतलेली.

"ती शेवटचीच," वाढणारीनं सांगितलं. "ते चाक आज संपलं. चेशरचं चीज देऊ?"

त्यानं नको म्हणून मान हलवली. बेरिलच्या मातीच्या दिवशी माणसं बसवायला खुर्च्या कमी पडल्या, तरी त्यानं शेजाऱ्यांकडं एक खुर्ची मागितली नव्हती; मागायची त्याला सवयच नव्हती. तो बिअरच्या फेसाकडं बघत राहिला. शेजारी सुरी बशीवर टेकली.

"कसं हाय?" त्यानं विचारलं.

"अं?"

"चीज ते. लागतंय कसं?"

मुलगी घास घोळवत राहिली. "गंमत आहे. एक घास लोण्यासारखा, आणि पुढचा आंबट, जीभ चरचरते. दोघांनी मिळून केलंय आणि दोघांचं जमत नाही, असं काहीतरी."

"जमायचं," विल्फ म्हणाला.

"काय?"

"काही न्हाई." अडलेलं वासरू ओढून काढावं तसा पुढचा शब्द त्यानं ओढून काढला. "पोरी, त्यातला तुकडा देतीस का मला?"

तिनं त्याच्या कोटाच्या झिजलेल्या बाह्या पाहिल्या आणि आवाज खाली आणला. "काका, दुसरी बशीही घ्या. पैसे मी देते, संकोच नको."

"पैशाचं न्हाई गं. ह्यातलाच पायजे."

तिनं बशी सरकवली. "सगळंच घ्या. मैत्रीण येणार होती, ती काही आता येत नाही."

विल्फनं आधी आंबट खडा ओळखला. तो त्याचाच, बोराएवढा, चुरायचा राहिलेला. त्याच्या शेजारी तिचं. मऊ, किंचित खारट, जिभेवर न बोलता विरघळणारं. तडा गेलेल्या चाकात वारा शिरतो, त्यामुळं ही चव त्याला घरात कधी भेटलीच नव्हती. बिघडलं नव्हतं काही. त्याचं आंबट त्याच्या जागी आणि तिचं तिच्या जागी, तसंच राहिलं होतं. बेरिल असती तर एकच म्हणाली असती, नीट चुरलं नाहीस. आणि तू काय करत होतीस ते मला आज कळलं, असं त्यानं तिला सांगितलं असतं. की नसतंच सांगितलं, कोण जाणे.

"तुम्हाला चीजमधलं कळतं वाटतं," मुलगी कोट चढवत म्हणाली.

"गायींमधलं कळतं."

ती हसली आणि गेली. विल्फनं बशीतले कण बोट ओलं करून टिपले. वाढणारीनं बशी उचलली. पट्टा फिरत होता, आणि शेजारची दोन्ही स्टुलं रिकामी होती.

दुसऱ्या सकाळी तीच भुरभुर. टँकर दूध ओढून निघून गेला, तेव्हा गॉर्डन फाटकावर रेलला.

"मग? खाल्लंस?"

"खाल्लं."

"कसं हुतं?"

"नीट चुरलेलं नव्हतं."

"लंडनवाले," गॉर्डन म्हणाला. "त्यांस्नी काय येतंय."

 गॉर्डन रस्त्याला लागल्यावर विल्फनं भिंतीला टेकवलेलं रबरी खोरं घेतलं आणि अंगणातलं शेण गटाराकडं ओढायला लागला.